वावरात सांडलेला काळा दाणा

मंडळी, ज्वारी भरत आली आणि नेमका परतीचा पाऊस लागला की कणसातला दाणा काळा पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण आले. ते लवकर पक्व होत असल्यामुळे त्याचा दाणा पावसात सापडू लागला आणि तेव्हापासून ही तक्रार वाढली. काळ्या ज्वारीला भाव मिळत नाही, यावर आपण तावातावाने बोलतो. परंतु सोंगणीत वावरातच सांडलेल्या दाण्याचे पुढे काय होते, हे सहसा कोणी पाहत नाही.

असा एक दाणा तळहातावर घेऊन नखाने फोडून पाहा. मखमलीसारखा काळेपणा बहुधा कर्व्हुलारिया नावाच्या बुरशीचा असतो, गुलाबी-पांढरी छटा फ्युजेरियम या बुरशीची, आणि आतले पीठ भुसभुशीत झालेले असते, कारण बुरशीचे तंतू सालीखालून पार आत पोचलेले असतात. मातीतले इतर सूक्ष्मजीव तिथे येण्याआधीच तिने जागा धरलेली असते, म्हणून तो दाणा तिचे घरही असतो आणि कणगीही.

या कणगीला उन्हापेक्षा ओलीची भीती अधिक, ही गोष्ट पुष्कळांना पटत नाही. ओलसर मातीत जिवाणू आणि ट्रायकोडर्मासारख्या बुरशी दाणा कुजवतात आणि आतल्या रोगकारक बुरशीचा आधारच संपतो. कोरड्या मातीत कुजण्याचे काम थांबते आणि ती निवांत पडून राहते. खडखड्या, म्हणजे ताट बुडातून पोकळ करून लोळवणारा रोग, त्याच्या बुरशीचे मोहरीहूनही बारीक काळे कणही कोरड्या जमिनीतच वर्षानुवर्षे टिकतात. ऊन तापवते ते वरच्या थोड्या थराला, आणि आपली काळी जमीन मे महिन्यात अशी फाटते की भेगेत हात जावा. त्या भेगेत पडलेला दाणा उन्हापासूनही वाचतो आणि ओलीपासूनही, मग पहिल्या पावसाने भेग मिटली की तो आतच राहतो.

काणीचा, म्हणजे कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरणाऱ्या रोगाचा, हिशेब थोडा निराळा आहे. दाणे काणीचे बीजाणू मुख्यतः बियाण्याला चिकटून येतात, म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक चोळले की काम भागते. अख्खे कणीस बिघडवणाऱ्या झिपऱ्या काणीचे मात्र मातीतच राहून कोवळ्या रोपात शिरतात, तिथे गंधकाचा फारसा उपयोग नाही. अशी कणसे फुटण्याआधी पिशवीत काढून जाळावीत.

उन्हाळवाही, म्हणजे उन्हाळ्यातली नांगरट, करू नका, असे मी म्हणत नाही. फक्त माझ्या मते सोंगणीनंतर जमिनीत ओल असतानाच वखराची एक पाळी द्यावी, म्हणजे सांडलेला दाणा ओल्या मातीत मिसळून एकतर उगवेल, नाहीतर कुजेल, आणि उगवलेले दुसऱ्या पाळीत मोडता येईल. दरवर्षी खोल नांगरणी केली, तर गेल्या वर्षी गाडलेले, न कुजलेले दाणे आपणच पुन्हा वर आणतो.

आणि हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, जिथे उभा करता, तिथली जागाही पाहा. कुटाराखाली दाण्यांचा थर बोटभर साचलेला असतो. तो झाडून उकिरड्यावर टाकला आणि खत नीट कुजण्याआधीच वावरात नेले, तर तोच दाणा शेणखताबरोबर पुन्हा पेरणीच्या जागेत जातो.