पॅलेडियमच्या जोडीला निकेल: क्षारीय इथेनॉल घटाचा ॲनोड

क्षारीय इथेनॉल घटावरचं, म्हणजे क्षारात इथेनॉल जाळून वीज देणाऱ्या इंधन घटावरचं, काही वाचायला घेतलं की एक आलेख हमखास समोर येतो: व्होल्टेज चढवत आणि मग परत उतरवत मोजलेला प्रवाह. पॅलेडियमचं एक बुटकं शिखर आणि शेजारी पॅलेडियम-निकेलचं दुप्पट उंच शिखर. निष्कर्ष तयारच असतो: उत्प्रेरक दुप्पट सक्रिय. ते शिखर किती व्होल्टला आलंय, हे फारसं कुणी बघत नाही. 1 मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ते आरएचईच्या (त्याच द्रावणातल्या हायड्रोजन इलेक्ट्रोडला शून्य धरणाऱ्या) मापाने 0.8 ते 0.9 व्होल्टला येतं. भाराखाली ऑक्सिजनचा कॅथोडसुद्धा त्याच आसपास असतो. दोघांतला फरक म्हणजे घटाचं व्होल्टेज, आणि तेच तिथे उरत नाही. त्यामुळे शिखर बाजूला ठेवा आणि 0.5 ते 0.6 व्होल्टला किती प्रवाह मिळतो ते वाचा. मिश्रधातूची खरी परीक्षा तिथे होते.

आम्लात पॅलेडियम इथेनॉलच्या बाबतीत जवळपास निष्क्रिय असतं, क्षारात मात्र ते प्लॅटिनमलाही मागे टाकतं. इथेनॉल पृष्ठभागावर बसतं, हायड्रोजन सोडतं आणि त्याचा उरलेला भाग, ॲसिटाइल गट, तिथे अडकून राहतो. तो सुटायला शेजारी हायड्रॉक्सिल (OH) लागतो, आणि पॅलेडियमला तो कमी पोटेन्शियलला पुरेसा धरता येत नाही. निकेलला येतो. प्लॅटिनम-रुथेनियमसाठी वातानाबे आणि मोतू यांनी 1975 साली मांडलेली दुहेरी कामाची कल्पना (एक धातू इंधन धरतो, दुसरा हायड्रॉक्सिल पुरवतो) इथेही लागू पडते. दुसरा परिणाम जाळीचा, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या मांडणीचा. पॅलेडियमच्या जाळीचं माप 3.89 अँगस्ट्रॉम, निकेलचं 3.52. निकेल आत शिरलं की जाळी आकसते आणि कार्बनी तुकड्यांची पकड सैल होते. चांदीचं माप 4.09, म्हणून ती जाळी उलट ताणते.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. निकेल कार्बन-कार्बन बंध तोडत नाही. इथेनॉल पूर्ण जळालं तर 12 इलेक्ट्रॉन मिळतात, पण पॅलेडियमवर ते बहुतांशी ॲसिटेटपाशी थांबतं आणि 4 इलेक्ट्रॉनच देतं. ‘इथेनॉलमध्ये किलोला 8 किलोवॉट-तास’ हा आकडा भाषणात छान वाटतो. ॲसिटेटवर थांबणाऱ्या घटाला त्यातला मोठा भाग मिळतच नाही.

आता बनवणं. 20 टक्के धातू असलेला 100 मिलिग्रॅम उत्प्रेरक आणि अणूंचं प्रमाण एकास एक धरू. पॅलेडियम 12.9 आणि निकेल 7.1 मिलिग्रॅम लागेल. त्यासाठी पॅलेडियम क्लोराइड 21.5 मिलिग्रॅम, सहा रेणू पाणी असलेलं निकेल क्लोराइड 28.8 आणि धातूला आधार देणारी व्हल्कन नावाची कार्बनची पूड 80 मिलिग्रॅम. पॅलेडियम क्लोराइड नुसत्या पाण्यात विरघळत नाही. थोडं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून कोमट करा. कार्बन पाण्यात अल्ट्रासोनिकवर फेटून त्यात दोन्ही क्लोराइड आणि ट्रायसोडियम सायट्रेट मिसळा. सायट्रेट वगळलं तर पीएच वाढवताना निकेल हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. पीएच 9-10 ला आणून बर्फात ठेवा आणि ताजं सोडियम बोरोहायड्राइड थेंबाथेंबाने घाला. दोन्ही धातूंच्या मोलांच्या दसपट म्हणजे सुमारे 92 मिलिग्रॅम. द्रावण आम्लीच राहिलं असेल तर ते फसफसून हायड्रोजनमध्येच वाया जातं.

धुणं कंटाळवाणं, पण चुकवू नका. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटने गढूळपणा येणं थांबेपर्यंत धुवा, कारण क्लोराइड पॅलेडियमला चिकटून जागा अडवतं. वाळवायचं ते निर्वातात, साधारण 60 अंशांवर. कोरड्या पॅलेडियम-कार्बनवर थेट अल्कोहोल ओतू नका, पेट घेतो. आधी पाण्याने भिजवा.

मग क्ष-किरण विवर्तन. शुद्ध पॅलेडियमची पहिली रेषा तांब्याच्या किरणांनी 40.1 अंशांवर येते. मिश्रधातू झाला असेल तर ती मोठ्या कोनाकडे सरकते. जागची हलली नसेल तर निकेल आत गेलेलं नाही, हायड्रॉक्साइड होऊन बाहेर बसलंय. तरीही उत्प्रेरक चांगला चालू शकतो, कारण हायड्रॉक्सिल पुरवायला तेही पुरतं. फक्त त्या सुधारणेचं श्रेय आकसलेल्या जाळीला देऊ नका.

चाचणीसाठी 5 मिलिग्रॅम उत्प्रेरक, 1 मिलिलिटर पाणी-आयसोप्रोपॅनॉल आणि 20 मायक्रोलिटर 5 टक्के नाफिऑन (उत्प्रेरक धरून ठेवणारा पॉलिमर) घेऊन बर्फाच्या पाण्यात अर्धा तास अल्ट्रासोनिक करा. 5 मिलिमीटर व्यासाच्या ग्लासी कार्बनवर 10 मायक्रोलिटर टाकलं की धातू साधारण 10 मायक्रोग्रॅम पडतो. कडेला वर्तुळ जमून मध्ये भाग उघडा राहिला तर तो इलेक्ट्रोड पुसा आणि नव्याने करा. शाई पूर्ण वाळू द्या, कारण आयसोप्रोपॅनॉलही पॅलेडियमवर जळतं आणि प्रवाहात भर घालतं.

संदर्भ इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत पोटेन्शियल मोजायचं तो, पारा-पारा ऑक्साइडचा घ्या. चांदी-क्लोराइडचा क्षारात बिघडतो आणि क्लोराइडही गळतं. आरएचईत जाण्यासाठी पुस्तकातला आकडा मिळवण्यापेक्षा त्याच द्रावणात हायड्रोजन सोडून प्लॅटिनमच्या तारेवर तो मोजून घ्या. काउंटरला, म्हणजे प्रवाहाचं मंडल पूर्ण करणाऱ्या इलेक्ट्रोडला, प्लॅटिनम नको, ग्राफाइटची कांडी वापरा; प्लॅटिनम थोडं विरघळून तुमच्या उत्प्रेरकावर येऊन बसतं. सक्रिय क्षेत्रफळही हायड्रोजनच्या भागावरून काढू नका, कारण पॅलेडियम हायड्रोजन पोटात घेतं. ऑक्साइडच्या क्षपणाचा विद्युतभार मोजा आणि चौरस सेंटिमीटरला 424 मायक्रोकूलम धरा. व्होल्टेज उतरवताना येणारं परतीचं शिखर आणि चढवताना येणारं शिखर यांचं गुणोत्तर म्हणजे विषप्रतिकार (चिकटलेल्या तुकड्यांनी निकामी न होण्याची ताकद), ही समजूत तर सोडूनच द्या. परतीचं शिखर येतं ते ऑक्साइड हटल्यावर मोकळ्या जागेवर नव्याने बसलेल्या इथेनॉलचं.

स्थिर पोटेन्शियलवर तासभर ठेवलं की प्रवाह घसरतो. नंतर ताज्या द्रावणात काही चक्रं फिरवून तो परत आला, तर कारण साचलेले तुकडे किंवा संपलेला हायड्रॉक्साइड. एका इथेनॉलमागे पाच हायड्रॉक्साइड खर्च होतात. परत आला नाही तर कण जुळून मोठे झालेत किंवा सुटलेत. द्रावण रोज ताजं करा, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचं कार्बोनेट होतं. इथेनॉल शुद्ध हवं, त्याला एक्साइजची परवानगी लागते आणि ती वेळेवर मिळत नाही. म्हणून डिनेचर्ड स्पिरिट वापरायचा मोह होतो. पण पिरिडीनसारखे घटक पृष्ठभागाला घट्ट चिकटतात आणि मग बिघाड उत्प्रेरकाचा की इंधनाचा, तेच कळेनासं होतं.

शेवटी द्रावणातलं ॲसिटेट एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. सगळा प्रवाह ॲसिटेटला गेला असेल तर 386 कूलमला 1 मिलिमोल मिळायला हवं. बरंच कमी आलं तर आधी ॲसिटाल्डिहाइड उडून गेलं का ते तपासा. पूर्ण ज्वलनाचा दावा त्यानंतर.