पहिल्या लॉटची गाडी

(पडद्यावर: रविवार सकाळ, बडोद्यातल्या सूरसागर तलावाच्या कडेचा रस्ता, ओळीने लावलेल्या चार गाड्या.)

ह्या चार गाड्यांचे मालक समोरच्या हातगाडीवर सेव-उसळ खातायत आणि गेला अर्धा तास विषय एकच चाललाय, कोणाची गाडी किती वेळा सर्व्हिस सेंटरला राहिली आणि आज विकायला काढली तर काय येईल.

पांढरी माझी. मॉडेल नवीन आलं, बुकिंग उघडलं त्याच आठवड्यात पैसे भरले, ऑन रोड 11 लाख, दसऱ्याला घरी आली, आईने ओवाळलं. पंधराव्या दिवशी रिव्हर्स टाकला तर मागच्या कॅमेऱ्याची स्क्रीन काळी! बंद करून परत चालू केली की ठीक, दोन दिवसांनी परत तेच. मग पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी थरथरायला लागली. सर्व्हिसवाले म्हणाले ह्या मॉडेलमध्ये एवढं असतंच साहेब, आणि मी वेड्यासारखा घरी आलो. तीन वेळा सॉफ्टवेअर अपडेट झालं, चौथ्या वेळी एका वयस्कर मेकॅनिकने सांगितलं की स्टार्टर फिरताना बॅटरीचं व्होल्टेज खाली येतं, तेवढ्यात स्क्रीन स्वतःच रीस्टार्ट होते, आणि नवीन अपडेटमध्ये ते सुधारलंय. क्लचची प्लेटही नंतरच्या गाड्यांत बदललेली निघाली, पार्ट नंबरच वेगळा. म्हणजे कंपनीला कळलं होतं, आम्हाला कोणी सांगितलं नाही. मला राग आहे तो ह्याच गोष्टीचा. दोष कुठल्याही नव्या गाडीत निघेल हो, पण तो ग्राहकाला फोन करून सांगायला काय जातं?

आता गाडी एकदम छान चालते. पण आरसीवर बनवल्याचा महिना-वर्ष छापलेलं असतं, आणि जुन्या गाड्यांचा दलाल पहिलं तेच बघतो. पहेला लोटनी छे? म्हणजे पहिल्या लॉटची, सुरुवातीला बनलेल्या गाड्यांतली का, असं विचारतो आणि लगेच भाव खाली.

(पडद्यावर: छोटी पिवळी गाडी, दार उघडून उतरणाऱ्या काकू.)

काकूंची नॅनो. 2009 च्या मार्चमध्ये ही गाडी बाजारात आली, पुढे 2010 पासून आपल्या गुजरातच्या साणंदला बनू लागली. सुरुवातीच्या काही गाड्यांना आग लागली, फोटो देशभर फिरले. कंपनीने नोव्हेंबर 2010 मध्ये एक्झॉस्ट आणि इलेक्ट्रिकलला जादा संरक्षण फुकट बसवून द्यायचं जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात विक्री 509 गाड्यांवर आली. फक्त 509! जळालेल्या गाड्या मोजक्याच, पण किंमत सगळ्याच मालकांनी मोजली, 2018 ला बनणंच थांबलं. काकूंनी ते जादा काम करून घेतलं होतं, त्याची पावती त्यांनी अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलीय. गाडी आजही मांडवीच्या गर्दीत सुरेख वळते, त्यांना विकायचीच नाहीये.

काकांची शेवरोले क्रूझ मात्र वेगळी कहाणी. तिला खरं म्हणजे काही झालंच नाही. झालं ते हालोलला.

(पडद्यावर: हालोलचा रस्ता, मागे पावागड.)

बडोद्याहून हालोल 40 किलोमीटरच्या आसपास. इथल्या कितीतरी घरांतली मुलं त्या कारखान्याच्या बसने कामाला जायची. 1996 मध्ये जनरल मोटर्सची ओपल अ‍ॅस्ट्रा तिथून निघाली, मग कोर्सा, आणि 2006 ला ओपल हे नावच आपल्याकडून गेलं. तोवर त्याच कंपनीची शेवरोले आलेली होती, ऑप्ट्रा, टवेरा, क्रूझ सगळ्या इथल्याच. 2013 मध्ये टवेराच्या 1 लाख 14 हजार गाड्या एमिशनच्या घोळापायी परत बोलावल्या, तेव्हाही लोकांनी धीर धरला. एप्रिल 2017 ला कारखाना बंद झाला आणि मे महिन्यात जाहीर झालं की वर्षअखेर शेवरोले भारतात विकणं बंद. काकांची गाडी आदल्या संध्याकाळी होती तशीच होती, एक स्क्रूसुद्धा सैल झाला नव्हता, आणि एका बातमीने तिचा भाव पडला. पुढे त्याच कारखान्यात एमजी आली, 2019 ला तिथून हेक्टर निघाली. म्हणून बडोद्यातला माणूस सनरूफ नंतर बघतो, आधी विचारतो, पार्ट मिळणार ना भाऊ, दहा वर्षांनी?

चौथी गाडी समा भागातल्या एका दादाची, ऑगस्ट 2024 च्या पुरात बुडालेली. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट, पाणी 35 च्या वर गेलं होतं. दादाने गाडी सुरू करून बघितली नाही, हे त्याचं शहाणपण. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्टचं कव्हर वेगळं घेतलेलं नसेल तर विमा कंपनी बहुतेक हात वर करते. त्याने टो करून नेली, वायरिंग अख्खं बदललं, सगळी बिलं आहेत. तरी येणारा प्रत्येक जण विचारतो, पाणीमां हती? पाण्यात होती का?

1 एप्रिल 2021 पासून कायदा आहे, गाडी 7 वर्षांच्या आतली असेल आणि दोष सुरक्षेचा असेल तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत. माझी काळी स्क्रीन त्यात बसेल का, ह्यावर आमचं सूरसागरवर अजून भांडण चालू आहे. काकांचं म्हणणं बसली पाहिजे, मागे लहान मूल असलं तर? मला पटतं. आणि कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकून आपल्या गाडीचा रिकॉल आहे का ते बघता येतं, हे आमच्यातल्या दोघांना आजच कळलं.

(पडद्यावर: सर्व्हिसच्या जॉबकार्डांनी फुगलेली फाइल.)

मग मी गाडी खरंच विकायला काढली तेव्हा कारेलीबागचा एक मुलगा बघायला आला. मी त्याला स्क्रीनचं, क्लचचं, चौथ्या वेळचं, सगळं सांगितलं आणि फाइल हातात दिली. दलालाने हे सांगू नको म्हणून बजावलं होतं. मुलाने गाडीत बसून सहा वेळा इंजिन बंद-चालू केलं, सहाही वेळा रिव्हर्स टाकला. स्क्रीन लागली. मग म्हणाला, काका, 20 हजार कमी करा आणि ही फाइल मला द्या.

दिली.