हयगय कोण करतं, आबाळ कुणाची होते

तर मंडळी, आमच्या कोर्टात एक शब्द रोज कानावर येतो, हयगय. अपघाताची कुठलीही एफआयआर काढून बघा, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, हे ठरलेलंच. घरात मात्र कुणी हयगय म्हणत नाही, घरात आपण आबाळ म्हणतो. इंग्रजीत नेग्लिजन्स आणि नेग्लेक्ट, दोघांचं लॅटिन मूळ एकच, म्हणून आमचे ज्युनिअर दोन्हीकडं निष्काळजीपणा ठोकून मोकळे होतात. पण मराठी नीट ऐका की, हयगय माणूस करतो आणि आबाळ कुणाची तरी होते. करणारा सापडेलच असं नाही.

आपलं सांगलीजवळचं हरिपूर घ्या. तिथली हळदीची पेवं इथल्या जुन्या लोकांनी बघितलीच असणार, जमिनीच्या पोटातली कोठारं. पेवाचं तोंड उघडलं की लगेच उतरायचं नसतं, आत हवा कोंडलेली असते, आधी कंदील सोडायचा, विझला तर थांबायचं. कुणी कंटाळा केला आणि गडी तसाच खाली उतरवला तर ती हयगय, त्याला तारीख आहे, वेळ आहे, माणूस आहे, साक्षीदार उभा करता येतो. आणि २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, पुढं कितीतरी पेवं तशीच पडून राहिली, तिथं आरोपी कुणाला करणार? व्यापाऱ्याला गोदाम सोयीचं वाटलं, मालकाला डागडुजी परवडेना, ज्याचं त्याचं बरोबरच होतं की ओ. पण पेवांची आबाळ झाली ती झालीच.

हयगयीनं जीव गेला तर आधी भारतीय दंड संहितेचं कलम ३०४ अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, शिक्षा दोन वर्षांची पाच वर्षांपर्यंत गेली (उपचार करताना डॉक्टरकडून झालं तर दोनच, पण समोर दोन डॉक्टर बसलेत, त्यावर नको आज). मुलांची मुद्दाम हेळसांड केली तर बालन्याय कायद्याचं कलम ७५ आहे. म्हाताऱ्यांसाठी २००७ चा कायदा, आईबापाला कायमचं कुठंतरी सोडून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि निर्वाहात काय धरलंय तर अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार. संपली यादी.

मागं एक आजी आल्या माझ्याकडं, पोरावर अर्ज करायचाय म्हणाल्या. विचारलं, जेवायला देतो? देतो. औषधं? डबीच भरून ठेवतो बघा, वारानुसार. मग मारतो, बोलतो? म्हणाल्या, बोलतच नाही हो. फॉर्मवर मागणीचा रकाना होता, त्यात काय लिहू विचारलं तर बराच वेळ गप्प बसल्या, मग फॉर्मची घडी करून पिशवीत टाकली आणि कवठेमहांकाळची गाडी किती वाजता आहे म्हणून मलाच विचारलं.