गेटपासून मागे: चालू कारखान्यात नवी ईआरपी आणताना

मंडळी, नवी ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, बिले आणि हिशेब एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली, घ्यायची ठरली की आपल्याकडे पहिली बैठक बहुधा लेखा विभागात होते आणि मग सगळे नियोजन खतावणीच्या अंगाने चालते. ताळेबंद जुळला की काम झाले, असा समज होऊन बसतो. माझे म्हणणे असे की, भोसरी-चाकण पट्ट्यातल्या सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्याने हे नियोजन गेटपासून सुरू करून मागे आणावे. खतावणीतली चूक पुढच्या महिन्यात जर्नल एंट्री टाकून सुधारता येते. पण भरलेली गाडी कागदाअभावी गेटवर अडली, तर ग्राहकाची असेंब्ली लाइन थांबते आणि त्या थांबण्याची डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली, आपल्या नावावर येते.

अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीचे १९९९ सालचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. सुमारे ११ कोटी २० लाख डॉलरच्या त्या प्रकल्पात तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर एकत्र बसवायची होती. एप्रिलमध्ये व्हायचे काम जुलैवर गेले, म्हणजे हॅलोवीनच्या मागण्या येण्याच्या ऐन तोंडावर आले. माल तयार होता, पण तो पाठवता येईना. हंगामात गोदाम अपुरे पडले की तिथले लोक मिळेल त्या जागी माल ठेवत असत, आणि ती तात्पुरती ठिकाणे नव्या प्रणालीत साठ्याच्या जागा म्हणून नोंदलेलीच नव्हती. त्यामुळे जवळपास १० कोटी डॉलरच्या मागण्या पुऱ्या करता आल्या नाहीत. आपल्या शेडमधला माळा, जिन्याखालची जागा, कॉम्प्रेसर रूमच्या भिंतीलगत रचलेल्या बिन्स यांचा विचार करा. त्यांतला माल आज कोणाच्या तरी डोक्यात नोंदलेला असतो, आणि ते डोके रजेवर असले की साठा शून्य होतो.

आता गेटवर नेमके काय लागते ते पाहू. टॅक्स इनव्हॉइस, ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी पोर्टलवर काढायचा कागद), आणि उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइसचा आयआरएन, म्हणजे शासनाच्या पोर्टलवर बिल नोंदवल्यावर मिळणारा क्रमांक. इनव्हॉइसचा क्रमांक सोळा अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ शकत नाही. म्हणून वर्षाच्या मध्ये प्रणाली बदलणार असाल, तर जुना क्रम पुढे ओढत न नेता नव्या प्रणालीसाठी स्वतंत्र मालिका सुरू करावी. नियमाने एकापेक्षा जास्त मालिका चालतात. शिवाय चुकलेला आयआरएन चोवीस तासांच्या आतच रद्द करता येतो आणि रद्द झालेल्या इनव्हॉइसचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही, हे डिस्पॅचला बसणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसाच्या आधी ठाऊक हवे.

इनव्हॉइस निघायला साठा बरोबर हवा, आणि साठा बरोबर यायला आयटम मास्टर, म्हणजे प्रत्येक वस्तूचे नाव आणि एकक असलेली मूळ यादी, स्वच्छ हवा. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात कमी वेळ इथे दिला जातो. एकच बोल्ट जुन्या प्रणालीत ‘बोल्ट एम-८’, ‘एम ८ बोल्ट’ आणि ‘हेक्स बोल्ट ८ एमएम’ अशा तीन नावांनी नांदत असतो. त्याहून चिवट प्रश्न एककाचा असतो. फास्टनर खरेदी होतात किलोवर आणि लाइनला दिले जातात नगावर. स्टोअरचा माणूस शंभर नग काट्यावर ठेवून हिशेब काढतो आणि तो आकडा काट्याजवळच्या पत्र्यावर खडूने लिहिलेला असतो. तो पत्र्यावरचा आकडा मास्टरमध्ये गेला नाही, तर पहिल्या जीआरएनलाच (आलेला माल जमा केल्याच्या नोंदीलाच) साठ्यात २५ किलोंचे २५ नग दिसतात. सल्लागार कितीही हुशार असला तरी ही साफसफाई त्याच्याकडून होत नाही, ती स्टोअरच्याच माणसाने बसून करावी लागते. आणि त्यासाठी त्याला रोजच्या कामातून खरोखर मोकळे करावे लागते, निव्वळ तोंडी नव्हे.

आपल्या भिंतीबाहेरचा माल बहुतेकांच्या लक्षातून सुटतो. प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला गेलेल्या मालाची उघडी, म्हणजे माल अजून परत न आलेली, चलाने एकेक करून नव्या प्रणालीत न्यावी लागतात, केवळ एकूण बेरीज नेऊन भागत नाही. जॉब वर्कला, म्हणजे असे काम बाहेरून करून घ्यायला, पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा अशी जीएसटीची अट आहे, आणि ती मुदत मूळ चलानाच्या तारखेपासून मोजली जाते.

तारीख कोणती निवडावी? बहुतेक जण १ एप्रिल म्हणतात. ओपनिंग बॅलन्स सोपे पडते आणि मोजणी तशीही होते, हे खरे. पण ज्याला सगळे ठाऊक असते तो लेखापाल त्याच आठवड्यांत मार्च-अखेरच्या कामात बुडालेला असतो. मला स्वतःला तिमाहीची सुरुवात, त्यातही ग्राहकाच्या कारखान्याची देखभालीची सुट्टी गाठणे अधिक पटते. आपल्या भागात गुरुवारी वीकली ऑफ असतो. बुधवारी शेवटच्या शिफ्टनंतर हालचाल गोठवावी, रात्री आणि गुरुवारी मोजणी व भरणी करावी, शुक्रवारी पहिल्या गाडीचे बिल नव्या प्रणालीतून काढावे. अर्थात याची रंगीत तालीम आधी दोनदा तरी खऱ्या आकड्यांवर झालेली हवी. गुरुवारी पहिल्यांदाच आकडे चढवायला बसलो, तर शुक्रवारची पहिली शिफ्ट हातची जाते.

दोन्ही प्रणाली तीन महिने समांतर चालवाव्यात, असा सल्ला सर्रास दिला जातो. कागदावर तो सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात तोच क्लार्क तीच नोंद दोनदा करतो, पंधरवड्यात एक बाजू मागे पडते आणि मग कोणती खरी यावर वाद सुरू होतो. पगारपत्रक दोन महिने दोन्हीकडे काढून ताडून पाहावे, तेवढे पुरे. साठा आणि बिले मात्र एका क्षणी एकाच घरात असावीत.

समांतर नाही म्हणजे आधार नाही, असे मात्र नाही. नवी प्रणाली पहिल्या सकाळी अडलीच, तर शासनाच्या पोर्टलच्या मोफत साधनातून थेट आयआरएन आणि ई-वे बिल काढता येते. दोन माणसांना ते शिकवून ठेवावे, त्यासाठी वेगळी इनव्हॉइस मालिका राखावी, आणि किती तास वाट पाहून या मार्गाला लागायचे हे मालकाने आदल्या दिवशीच लिहून द्यावे. पेचप्रसंगी असा निर्णय घ्यायला कोणी धजत नाही, म्हणून तो आधीच घेतलेला बरा.

शेवटी जुन्या प्रणालीचे काय? कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात, आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे. तेव्हा ज्या वर्षी प्रणाली बदलली, त्या वर्षाच्या दोन्ही भागांची ही नोंद लेखापरीक्षक मागणार. जुना सर्व्हर भंगारात देण्याआधी त्यातला डेटा केवळ वाचता येईल अशा स्वरूपात दुसरीकडे उघडतो का, हे एकदा प्रत्यक्ष उघडून पाहावे, आणि त्याचे पासवर्ड कोणाकडे आहेत तेही विचारावे, कारण ते बहुधा नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे असतात.