ओल्या बाजाराची पिशवी

मंडळी, प्लास्टिकमुळे समुद्राचं काय होतं, हे किनाऱ्यावरच्या माणसांना मी सांगायची गरज नाही. रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढल्यावर माशांबरोबर काय काय येतं, ते तुमच्यापैकी कितीतरी जणांनी स्वतःच्या हातांनी सोडवलंय. मी बोलणार आहे ते पिशवीबंदी आल्यावर लोक काय म्हणाले त्याबद्दल. ते आपण नीट ऐकून घेतलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

राज्याची अधिसूचना निघाली २३ मार्च २०१८ला. तीन महिन्यांची मुदत होती, कारवाई २३ जूनपासून. आता कोकणात जून म्हणजे काय? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद. बाजारात सुकट, सोडे, बोंबील. ते कागदात बांधून देता येतात. किराणावाल्यांनी रद्दीच्या पुड्या काढल्या, घराघरांतून कापडी पिशव्या निघाल्या. बंदी लोकांनी मानली, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

खरी परीक्षा ऑगस्टात झाली. होड्या समुद्रात गेल्या, ओली मासळी आली आणि झबला पिशवी परत दिसायला लागली. आधी पाटीखाली, मग उघड.

याला आपण लोकांची बेफिकिरी म्हणून मोकळे झालो. पण मासे विकणाऱ्या बायकांचं म्हणणं साधं होतं. पिशवी नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या पाटीवर जातं, आणि पिशवी दिली तर पहिला दंडच ५,००० रुपये. दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि कैद. पाटीभर बांगडे विकून त्या बाईच्या हातात किती उरतं, याचा हिशेब करून बघा. उत्पादनावरही बंदी होतीच. तरी पिशवी बाजारात येत राहिली, आणि धाक बसला तो टोपलीमागे बसलेल्या बाईला. याबद्दलचा त्यांचा राग मला पूर्णपणे रास्त वाटतो.

मायक्रॉनचा घोळ वेगळाच. २००५च्या मुंबईच्या पुरानंतर राज्यात पिशवी किमान ५० मायक्रॉन जाड हवी, अशी अट आली. पुढे केंद्राने ७५ केली, ३१ डिसेंबर २०२२पासून १२०. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो चिमटीत धरून कोणाला कळणार?

मीसुद्धा एकदा डबा विसरून बाजारात गेलो होतो. मावशींनी न बोलता पदराआडून पिशवी काढली, मी घेतली. घरी आल्यावर लक्षात आलं, माझ्या विसरण्याची जोखीम त्यांनी उचलली होती. त्या दिवसापासून गाडीच्या डिकीत झाकणाचा स्टीलचा डबा कायम असतो.

कोणी म्हणेल, पूर्वी सागाच्या पानात मासे बांधून देत होतेच की. होते. तेव्हा माणूस चालत घरी जायचा आणि मासळी बर्फातली नसायची. आज बर्फाचं पाणी गळत असताना पानाची पुडी मोटरसायकलला लावून दहा किलोमीटर जाता येत नाही. कागद तर आपल्या पावसात दारापर्यंतही टिकत नाही. आणि कापडी पिशवीत मासे कोणी घालत नाही, वास जात नाही. ही अडचण खरी आहे. तिला सबब म्हणू नका.

डब्याची एक सोय मात्र आपल्याकडे आहे. चिकनच्या दुकानात डब्याचं वजन वजा करावं लागतं. आपल्याकडे बरीचशी मासळी वजनावर नाही, वाट्यावर जाते. वाटा उचलला, डब्यात टाकला, संपलं.

फक्त एकटी मावशी हे करू शकणार नाही. सगळ्या पाट्यांनी एकाच दिवशी पिशवी बंद केली, तर गिऱ्हाईक जाणार कुठे? म्हणून माझी विनंती मावशींना नाही, तुम्हा घेणाऱ्यांना आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय आपण मांडायचा, बाजारात बसणाऱ्या बायकांना पुढच्या रांगेत बसवायचं आणि तारीख त्यांनाच ठरवू द्यायची. डब्याविना येणाऱ्यासाठी पंचायतीने बाजाराच्या तोंडाशी अनामत घेऊन डबे ठेवावेत. पहिले दहा डबे मी आणून देतो.