तिजोरीचे जागले

श्रोतेहो, नमस्कार. गावगाड्यात रात्रीची गस्त घालणाऱ्याला जागल्या म्हणत आणि संस्थेतला गैरव्यवहार आतून उघडकीला आणणाऱ्यालाही मराठी वृत्तपत्रे आता हाच शब्द वापरतात. अमेरिकेने अशा जागल्याला १८६३ मध्येच कायद्यात स्थान दिले. यादवी युद्धात लष्कराच्या गळ्यात पावसात विरणारे गणवेश मारणाऱ्या कंत्राटदारांना आवरण्यासाठी केलेल्या ‘फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट’प्रमाणे कोणालाही सरकारच्या वतीने दावा लावता येई आणि वसुलीतला निम्मा वाटा त्याला मिळे. १९४३ मध्ये हा वाटा घटवून अटी वाढवल्या गेल्या आणि कायदा अडगळीत पडला.

१९८६ च्या दुरुस्तीने तिप्पट भरपाई आणि १५ ते ३० टक्के वाटा आला, तसेच नोकरीवर गदा आल्यास दाद मागण्याची सोयही झाली. रोख संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांवर होता. पण खरे घबाड सापडले ते ज्येष्ठांची वैद्यकीय बिले भागवणाऱ्या मेडिकेअर योजनेत. नॅशनल हेल्थ लॅबोरेटरीज या कंपनीने रक्ततपासणीच्या नेहमीच्या संचाला एचडीएल (कोलेस्टेरॉलचा एक प्रकार) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या चाचण्या जोडल्या. डॉक्टरांना त्या जवळजवळ फुकट वाटत, मेडिकेअरकडे मात्र त्यांचे वेगळे बिल जाई. रक्त खरे, चाचणी खरी, अहवालही खरा. खोटी होती ती फक्त गरज, आणि ती बिल तपासणाऱ्या कारकुनाला कशी दिसावी? १९९२ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून ११ कोटी १० लाख डॉलर भरले.

आपल्याला जवळचे प्रकरण रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीचे. काही महिन्यांच्या अंतराने करायच्या औषधांच्या टिकाऊपणाच्या चाचण्या तिथे कधीकधी एकाच दिवशी उरकल्या जात आणि कागदावर तारखा मात्र वेगवेगळ्या पडत. कंपनीतले माजी अधिकारी दिनेश ठाकूर यांनी २००५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाला कळवले, २००७ मध्ये दावा लावला आणि निकाली तडजोड झाली ती २०१३ मध्ये. कंपनीने ५० कोटी डॉलर भरले, त्यांतले ४ कोटी ८० लाखांहून अधिक ठाकूर यांना मिळाले. बक्षिसाच्या लोभाने लोक चुगल्या करतात, असा आक्षेप या कायद्यावर नेहमी घेतला जातो. लोभ असेलही, पण त्यापायी आठ वर्षे टांगणीला लागायची तयारी किती जणांची असते?

आपल्याकडे २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, त्यावर राष्ट्रपतींची सहीही झाली. त्यात वाट्याची तरतूद नाही, आणि तो अजून अमलातच आलेला नाही.