एका हाताचा लोहार

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ख्रिस्ती मिशनमधली श्रमाची परंपरा, आणि ते मी सांगणारच आहे, पण आधी मला एका माणसाबद्दल बोलू द्या, कारण हा माणूस कित्येक वर्षं माझ्या डोक्यात घर करून बसलाय. ब्रदर अँटनी कोवाल्चिक. मी काही चर्चचा माणूस नाही, वर्कशॉपचा माणूस आहे, पोट्ट्यांना फिटिंग न् लोहारकाम शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे याच्याकडे मी लोहार म्हणूनच बघतो.

नागपुरात फादर म्हटलं की समजावून सांगावं लागत नाही. एसएफएसमध्ये, म्हणजे सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळेत, शिकलेला एक तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो, १८७० ची शाळा आहे ती. सेमिनरी हिल्सवर आपण सगळे फिरायला जातो, ती सेमिनरी म्हणजे फादर घडवायची जागा. पण ब्रदर कोण असं विचारलं तर लोक म्हणतात, फादर व्हायच्या आधीचा तो ब्रदर. यात लोकांची चूक नाही, सेमिनरीत शिकणाऱ्या पोरांनाही ब्रदरच म्हणतात म्हणून हा घोळ होतो. मी बोलतोय ते आयुष्यभर ब्रदर राहणाऱ्यांबद्दल. व्रतं तीच, दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन, पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करायचा नाही, वेदीवर उभं राहायचं नाही. यातले कित्येक जण हातानं काम करायचे. सुतारकाम, स्वयंपाक, शेत, गोठा, बॉयलर. फादर प्रवचन देतात तिथला कंदील कोणी पुसला, छप्पर कोणी बसवलं, तर ब्रदरनं.

तर हा अँटनी. जन्म १८६६ चा, पोलंडमधल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरात. पोलंड नावाचा देश तेव्हा नकाशावर नव्हता, तो भाग प्रशियाच्या ताब्यात होता. पोरगा लोहारकाम शिकला, कामासाठी हँबर्गला गेला, मग कोलोनकडे, आणि १८९१ मध्ये ऑब्लेट नावाच्या मिशनरी संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. १८९६ मध्ये संघानं त्याला कॅनडात पाठवलं, अल्बर्टा म्हणतात त्या भागात, लाक ला बिश नावाच्या मिशनवर. आपण डिसेंबरात पारा आठवर आला की शेकोट्या पेटवतो, तिकडे उणे तीस-चाळीस म्हणजे नेहमीचं. तिथे मिशनची लाकूड कापायची गिरणी होती, ती चालवायला असाच माणूस पाहिजे होता.

दुसऱ्याच वर्षी, १८९७ च्या जुलैत, त्याचा उजवा हात गिरणीच्या पट्ट्यात गेला.

आता इथे जरा थांबतो. लकडगंजमध्ये ज्यांनी आरामशीन बघितली असेल त्यांना सांगायला नको. जुन्या गिरण्यांमध्ये एक लांब शाफ्ट फिरत असतो, त्यावर पुल्या, पुलीवरून चामड्याचा पट्टा मशीनवर येतो. पट्ट्याला जाळी नसते. बाही लोंबली, नाहीतर पट्टा सरकला म्हणून हात लावला, की माणूस ओढलाच जातो, ओरडायला वेळ मिळत नाही. फिरत्या भागांना गार्ड पाहिजे हे आपल्याकडे कायद्यात लिहिलं गेलं, फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८, कलम २१, माझ्या पोरांना पाठ असायचं ते. मंडळी, असं एकेक कलम कोणाच्या ना कोणाच्या हातावरून लिहिलेलं असतं.

एडमंटनला नेलं त्याला, दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे इथून अमरावतीच्याही पुढे, आणि तेही कच्च्या वाटेनं गाडीत घालून. पोचेपर्यंत हात सडायला लागला होता, कापावा लागला. भूल न घेता क्रूस हातात धरून त्यानं तो कापू दिला असं त्याच्या संघातले लोक सांगत आलेत.

आणि लोहाराचा उजवा हात म्हणजे काय ते बघा. डाव्या हातात सांडशी असते, तिच्यात तापलेलं लोखंड, आणि उजव्या हातात हातोडा. लोखंड लाल असतं तोवरच वाकतं, काळं पडलं की पुन्हा भट्टीत. त्या तेवढ्या वेळात एक हात फिरवतो न् दुसरा मारतो. याचा मारणारा हातच गेला. वय ३१. मी धडधाकट पोट्ट्यांना ऐरणीवर सरळ ठोका मारायला शिकवायचो तर महिने जायचे राजेहो, आणि हा गडी उरलेल्या एका हातानं पुन्हा कामाला लागला. सेंट पॉल नावाच्या वस्तीत १९११ पर्यंत, मग एडमंटनला फ्रेंच बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत, थेट १९४७ पर्यंत, म्हणजे ३६ वर्षं एकाच आवारात. भट्टी पेटवायची, डुकरं सांभाळायची, बाग, दुरुस्ती, घंटा. काही अडलं की गुडघे टेकून एक 'नमो मरिया' म्हणायचा, लॅटिनमध्ये ती प्रार्थना 'आवे मारिया', आणि पुन्हा भिडायचा, म्हणून त्याचं नावच पडलं ब्रदर आवे.

विषय निघालाच आहे तर माझ्या मनात सलतंय तेही सांगतो, बोललो नाही तर झोप येणार नाही. आपल्याच भागातल्या एका शाळेत एक काका होते. पदानं शिपाई. पण जूनमध्ये पंप पाणी ओढत नाही तर फूट व्हॉल्व्ह काढून साफ कोणी करायचा, काकांनी. बाकांचे पाय तुटले, पत्रा उडाला, टाकीत कबूतर पडलं, काका. घंटा तर त्यांचीच. शाळेला पन्नास वर्षं झाली तेव्हा जाडजूड स्मरणिका निघाली, आर्ट पेपरवर. मंत्र्यांचे शुभसंदेश, संस्थेच्या सगळ्या आजी-माजी पदाधिकाऱ्यांचे फोटो, साडीच्या दुकानाची पानभर जाहिरात. मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितली, काकांचं नाव कुठेच नाही. सत्काराचा एक फोटो होता, त्यात पाहुण्यांच्या बाजूला एक हात दिसतो, पुष्पगुच्छांचं तबक धरलेला, अंगठ्याच्या नखाला निळा डाग. हातोडी बसल्याचा डाग तो, आम्हाला लगेच ओळखू येतो. काकांचा हात. मनगटापासून पुढे फोटो कापलेला! मी समितीकडे गेलो, विचारलं, तर म्हणाले जागा कमी पडली. अहो, पानभर साड्यांना जागा होती! मला अजूनही राग येतो आणि तो यावा असंच मला वाटतं. ज्या मुलुखात गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले त्या मुलुखात हे व्हावं?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, मग पत्रिकेतलं भरभर सांगतो.

ही परंपरा जुनी आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठाची नियमावली लिहिली, त्यात रोजचं हातकाम प्रार्थनेइतकंच ठरवून दिलंय, रिकामपण आत्म्याचा शत्रू असं ४८ व्या प्रकरणात सरळ म्हटलंय. पुढे बाराव्या शतकात सिस्टर्शियन मठांत वेगळा वर्ग झाला, शेती न् जनावरं बघणाऱ्या ब्रदरांचा, आणि माझ्या मते खोट तिथेच शिरली, पुस्तक एकाकडे न् कुदळ दुसऱ्याकडे. तरी त्यातूनच मोठी माणसं निघाली. स्पेनच्या मायोर्का बेटावरचे अल्फोन्सो रॉड्रिग्ज कॉलेजचे द्वारपाल होते, १८८८ मध्ये संत घोषित झाले. माँट्रियलचे ब्रदर आंद्रे, तेही द्वारपाल, २०१० मध्ये संत झाले. आपल्या नागपूरचं मिशन ज्यांनी उभारलं त्या फ्रान्सलियन संघातही फादर होते तसे ब्रदर होते, रस्त्याला नाव कुणाचं आहे ते तुम्हीच आठवून बघा.

एक गोष्ट मात्र घाईतही सोडणार नाही. ऑब्लेट संघानं कॅनडात आदिवासी मुलांच्या निवासी शाळा चालवल्या, मुलांना आईबापांपासून तोडलं, त्यांची भाषा तोडली. १९९१ मध्ये संघानं त्याबद्दल माफी मागितली, २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस अल्बर्टात येऊन माफी मागून गेले. ब्रदर अँटनी त्याच संघाचा माणूस होता, त्याचं नाव घेताना हे लपवायचं नाही. त्याचे कष्ट मला मोठे वाटतात आणि त्या मुलांचं दुःखही खरंच आहे.

ब्रदर अँटनी १० जुलै १९४७ ला गेले, सेंट अल्बर्टला पुरलंय. २०१३ च्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिसनी त्यांना 'वंदनीय' घोषित केलं, संतपदाच्या वाटेवरची ती आधीची पायरी. ज्या शाळेत ते घंटा वाजवायचे ती आता अल्बर्टा युनिव्हर्सिटीचा फ्रेंच कॅम्पस आहे.

वेळ झाली. दाराशी टेबलावर एक वही ठेवलीय. तुमच्या शाळेतले, ऑफिसातले, सोसायटीतले पंप, घंटा, बाग, गटार सांभाळणारे जे कोणी असतील त्यांचं पूर्ण नाव न् काम लिहून जा, आडनावासकट, नुसतं काका नको. पुढच्या बैठकीत मी ती सगळी नावं वाचणार आहे, तेव्हा चिठ्ठी पाठवू नका.